मागे जड

आडनाव मुंगी, आणि काम वजनाचं.
यावर कार्गोत एकोणीस वर्षं विनोद झाले,
मीही हसले.

रात्री दोन चाळीसचं विमान.
पीथमपूरची औषधं, रतलामची शेव,
एकदा चार हजार कोंबडीची पिल्लं, खोक्याखोक्याला भोकं,
आणि अधूनमधून
पत्र्याने मढवलेली एक लांब पेटी,
जिच्यावर नाव असतं, वजन असतं,
वय नसतं.
कशाला कुठे ठेवायचं, ते मी ठरवायची.
पुढे इतकं, पंखांवर इतकं, शेपटाकडे इतकं.
विमान म्हणजे तराजूच,
फक्त चुकला तर दुकानदार भांडत नाही.

गेंदालाल खोकं मांडीला टेकवून उचलायचा,
डोळे बारीक करायचा :
"छत्तीस. उप्पर थोड़ा."
काटा दाखवायचा छत्तीस पूर्णांक दोन.
काटा तपासायला दर सहा महिन्यांनी भोपाळहून माणूस यायचा.
गेंदालालला कधी कुणी तपासलं नाही.

दिवाळीनंतर मालक बदलले.
विमानाचं नाव तेच, शेपटाचा रंग नवा.
रंगाचंही वजन असतं,
ते मी शीटमध्ये धरलं,
कुणाला दिसलं नाही.

नवे साहेब बिस्किटांच्या कंपनीतून आलेले.
पहिल्याच सभेत म्हणाले, आपण एक कुटुंब आहोत,
आणि पंख्याखालची खुर्ची ओढून घेतली.
आधी चहा गेला.
मग रात्रीची गाडी गेली,
मी स्कूटरवर यायला लागले कालानी नगरवरून,
कुत्री ओळखीची झाली.
मग तीन बॅटऱ्यांत मिळून दोघींपुरते सेल.
मग वेळ बदलली, संध्याकाळी सातला उडा,
रात्रीचं महाग पडतं.

मग त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला.
"तुम्हाला तोल कळतो, मॅडम.
अकरातले सात सांगा."
मी विचारलं, पुढून काढू की मागून?
ते मोठ्याने हसले.

मी नावं दिली.
हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.
कागदावर सही साहेबांची आहे.
ज्याचा मुलगा कमावता तो आधी,
ज्याची रजा जास्त तो मग,
असं काहीतरी गणित मी पहाटेपर्यंत केलं,
खोडरबर झिजलं.
गेंदालाल सहावा.
काटा होता ना आपल्याकडे.

आठवा नव्हता, पण मार्चमध्ये आठवाही गेला :
भोपाळचा माणूस.
काटा आता स्वतःच्याच शब्दावर चालतो.
शीट गुरुग्रामात तयार होते,
मी छापते, फाडते, वैमानिकाच्या हातात देते,
तो न वाचता सही करतो, पूर्वी वाचायचा.

चैत्रात बिजासनच्या टेकडीवर गेले, सुट्टीच्या दिवशी नाही,
चार वाजता शीट छापून, तशीच, ओळखपत्र गळ्यात.
पायऱ्यांशी पोत्यावर नारळ मांडून गेंदालाल.
मला बघून उठला नाही, हेही बरंच झालं.
एक नारळ उचलला, हलवला, ठेवला.
दुसरा उचलला, तळहातावर क्षणभर धरला
आणि माझ्याकडे दिला.
वजन सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.

तेवढ्यात खालून आवाज चढत आला,
आपलंच, नव्या रंगाचं.
त्याने मान वर केली नाही,
नुसता कान दिला, जसा खोक्याला द्यायचा.
"पीछे भारी है आज."

मी पर्स उघडली. शीटची कॉपी आत होती, घडी घातलेली.
त्यात सगळं मधोमध होतं,
दशांशापर्यंत.
विमान देपालपूरच्या अंगाला वळलं,
दिवा लहान होत गेला,
आम्ही दोघं बघत राहिलो
लहान होणं संपेपर्यंत.

मग तो सुटे शोधायला लागला.
राहू दे म्हटलं.
राहू दिलं नाही त्याने,
दहाचं नाणं
माझ्या तळहातावर जरा दाबूनच ठेवलं.